एकतीस फुलांचा गुच्छ

आमच्या त्र्यंबकात फुलांना तोटा नाही. पहाटे देवळाबाहेरच्या टोपल्यांत झेंडू, तगर, जास्वंद आणि बेल यांची रास पडलेली असते, आणि दुपार कलायच्या आत त्यातलीच बरीचशी फुलं निर्माल्य होऊन बाहेर येतात. ज्या गावात हे रोज दिसतं, त्या गावच्या मुलीला फूल म्हणजे अर्ध्या दिवसाची वस्तू, हे फार लवकर कळतं. म्हणूनच की काय, ताईनं लग्नात हातात धरायचा गुच्छ रिबिनीच्या फुलांचा हवा असं सांगितलं तेव्हा मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. बाबांना मात्र वाटलं. "नाशिकला मोगलाईत गुलशनाबाद म्हणत. तिथून तीस किलोमीटरवर आपण, आणि नवरीच्या हातात फुलं कापडाची?" असं ते म्हणाले. ताईचं म्हणणं साधं होतं. लग्न मे महिन्याच्या अखेरीचं, सकाळी नाशिकहून आणलेला गुलाब संध्याकाळच्या स्वागत समारंभापर्यंत मान टाकणार. शिवाय ती जाणार होती बडोद्याला. जाताना माहेरची एखादी न सुकणारी गोष्ट तिला बरोबर न्यायची होती.

"आत्या करील," ताई म्हणाली, आणि विषय तिथंच संपला. कारण आमच्या गल्लीत रिबिनीचं फूल म्हटलं की आत्या, हे ठरलेलंच होतं.

माझी आत्या आमच्याच घरात, माजघरामागच्या खोलीत राहते. तेविसाव्या वर्षी तिला वैधव्य आलं. मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली. शिवणाचं यंत्र घेऊन फॉल-पिको करता करता तिनं आपला खर्च आपण भागवला. गल्लीतल्या कितीतरी मुलींचं रुखवत तिच्या हातून गेलं आहे. रुखवत म्हणजे मुळात वरपक्षाला पाठवायचा फराळ. लाडू, करंज्या, चिरोटे यांची ताटं. पुढं त्या ताटांच्या शेजारी लोकरीची तोरणं, मण्यांचे मोर, कापडी बाहुल्या आणि रिबिनीच्या फुलांच्या परड्या येऊन बसल्या. मुलगी हातानं किती गुणी आहे ते चार लोकांना दिसावं, हा त्यातला हेतू. ती फुलं पुष्कळदा आत्यानं केलेली असत आणि नाव मुलीचं लागे. आत्याला त्याचं काही वाटत नसे. निदान आम्ही तसं समजत होतो.

मी त्या वेळी बारावीची परीक्षा देऊन मोकळी होते. "रिकामी बसू नकोस, ये इकडे," असं म्हणून आत्यानं मला समोर बसवलं. नाशिकच्या मेन रोडवरून एक इंची साटीनच्या फितीची तीन रिळं आणली होती, दोन गुलाबी आणि एक गडद लाल. खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरली, मेणबत्ती लावली आणि शिकवणी सुरू झाली.

रिबिनीचा गुलाब दिसतो अवघड, पण त्याची रीत सोपी आहे. पाऊण मीटर फीत घ्यायची. ती मधोमध काटकोनात दुमडायची. मग आडवा पदर उभ्यावर, उभा आडव्यावर, अशा एकाआड एक घड्या घालत जायचं. पंचवीस-तीस घड्या झाल्या की बोटांत एक चौकोनी चळत उभी राहते. दोन्ही टोकं चिमटीत घट्ट धरून घड्या सोडून द्यायच्या आणि त्यातलं एकच टोक हळूहळू ओढायचं. वरच्या घड्या आत फिरू लागतात, पाकळ्या एकमेकींवर बसतात आणि बघता बघता गुलाब होतो. इथं हात थांबला पाहिजे. केसभर जास्त ओढलं की पाकळ्या नाहीशा होतात आणि सरळ फीत हाती येते. माझ्या हाती पहिल्या दिवशी ती सात वेळा आली.

"तुला फूल लवकर व्हायला हवं आहे," आत्या म्हणाली, "म्हणून तू ओढतेस. तू नुसतं टोक धर. ते आपण होऊन येतं."

फूल झालं की तळाशी दोन-चार टाके घालायचे आणि फितीची सुटी कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून क्षणभर न्यायची. हल्लीचं साटीन बहुधा पॉलिस्टरचं असतं. त्याची कड किंचित वितळून बसते आणि मग दोरा सुटत नाही. पूर्वीची साटीनं रेशमाची असत. चीनमधल्या ज्या बंदरातून हे चकचकीत वस्त्र बाहेर पडे, त्याला अरब व्यापारी झैतून म्हणत, आणि त्यावरूनच साटीन हे नाव आलं, असं मी पुढं ग्रंथालयात वाचलं. जपानातही रेशमाचे चिमुकले चौकोन चिमट्यानं दुमडून फुलं करण्याची जुनी कला आहे. तिथल्या स्त्रिया ती केसांत माळतात. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तिकडेही ताज्या फुलांचा भरवसा नसेल."

दहा-बारा दिवसांत आमचे चोवीस गुलाब झाले. त्यातले नऊ माझे. त्या नवांतले चार आत्यानं मी झोपल्यावर उसवून पुन्हा केले, हे मला दुसऱ्या दिवशी टाक्यांवरून कळलं. माझे टाके आखूड-लांब पडतात, तिचे मोजून घातल्यासारखे.

त्याच दिवसांतली एक गोष्ट सांगायला हवी. एका सकाळी आत्या फितीचे तुकडे मोजत होती आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर तिची नजर थांबली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं त्या मे महिन्याच्या, म्हणजे मे २०२२ च्या, पहिल्या आठवड्यात एक ठराव केला होता. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, या चाली गावानं बंद करायच्या. पुढं १७ मे रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं सुचवलं होतं. बातमी त्याची होती. आत्यानं ती अक्षर न् अक्षर वाचली. मग तुकडे परत मोजायला घेतले.

"चांगलं झालं ना आत्या?" मी विचारलं.

"चांगलंच झालं. पण ते ग्रामपंचायतींना सांगितलं आहे. आपल्याकडे नगरपरिषद आहे," असं म्हणून ती हसली. थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, "ठरावानं हिंडायला-फिरायला मोकळीक येते गं. बोलावणं काही ठरावानं येत नाही. ते घरातून यावं लागतं."

मी इतिहासाच्या पुस्तकात विधवाविवाहाचा १८५६ चा कायदा पाठ केला होता. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी विवाह केला, हेही मला ठाऊक होतं. या सनावळ्या लिहून मी गुण मिळवले होते. त्या सनावळ्यांतली एक बाई माझ्यासमोर मांडी घालून बसली आहे आणि माझ्या बहिणीच्या लग्नाची फुलं करते आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्या घरी कोणी आत्याचा अपमान करत नसे. तिला कोणी टाकून बोलत नसे. फक्त कार्याच्या दिवशी तिचं काम कोठीघरात असे. लाडू मोजून द्यायचे, नारळ मोजून द्यायचे, साखरेच्या पोत्यांवर लक्ष ठेवायचं. हळदीला तिला कोणी बोलावत नसे आणि तीही येत नसे. हे इतकं सुरळीत चाले की त्यात काही खुपण्यासारखं आहे असं वाटूच नये.

गुलाब झाले, हिरव्या फितीची पानं झाली, तारेचे देठ झाले. गुच्छ बांधून पाहिला तर त्यात काहीतरी कमी वाटत होतं. सगळा लाल-गुलाबी रंग एकमेकांत मिसळून जात होता. "मध्ये पिवळं हवं," आत्या म्हणाली. "सोनचाफ्याच्या कळ्या टाकू." पिवळी फीत आणलेली नव्हती आणि लग्नाला तीनच दिवस उरले होते. "मी उद्याच्या पहिल्या एस.टी.नं जाऊन आणते," असं मी म्हटलं. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या खोलीत गेले तेव्हा तिच्या मांडीवर पिवळ्या कापडाचे चौकोन होते. एक एक चौकोन तिरका दुमडून ती त्रिकोण करत होती, त्याची टोकं खाली आणत होती आणि तळाशी धावदोरा ओढून निमुळती कळी बांधत होती. मी नेहमीप्रमाणे मेणबत्ती पुढं सरकवली.

"ती नको," आत्या म्हणाली. "हे जळेल. हे सुती आहे." आणि ती एकेक कड आत मुडपून सुईनं शिवू लागली.

मी कापडाकडे पाहिलं. रंग साटीनसारखा झळझळीत नव्हता, जरा विटकर होता. कुठं कुठं अधिक गडद डाग होते. बाजूला तिची पत्र्याची पेटी उघडी होती आणि खोलीत डांबरगोळ्यांचा वास होता. तेव्हा मला कळलं. ती तिची अष्टपुत्री होती. लग्नविधीत नवरी नेसते ते पिवळं वस्त्र. मामाकडून आलेलं, आठ पुत्रांचा आशीर्वाद ज्याच्या नावातच आहे असं. सत्तावीस वर्षं ते त्या पेटीत घडी करून ठेवलेलं होतं.

"आत्या, अगं हे..."

"काठाकडचा थोडा तुकडा घेतला आहे. बाकीची आहे तशी आहे," ती म्हणाली. सुई थांबली नाही. मग वर न बघता म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. उगीच कुणाच्या मनात काही यायला नको."

सात कळ्या झाल्या. चोवीस आणि सात, एकतीस. देठांना हिरवी पट्टी गुंडाळून, वर लाल फितीचा फास घालून गुच्छ तयार झाला. आत्यानं तो एकदा हात लांब करून पाहिला आणि माझ्याकडे दिला. "तूच नेऊन दे तिला."

लग्न आमच्या गावातल्याच कार्यालयात झालं. ब्रह्मगिरीच्या माथ्यावर ढग उतरत होते, पण पाऊस आला नाही. सकाळचे विधी आटोपले, संध्याकाळी स्वागत समारंभ सुरू झाला. ताई मोरपंखी शालूत खुर्चीवर बसली होती आणि तिच्या हातात तो गुच्छ होता. दिव्यांच्या उजेडात साटीन चमकत होतं, आणि मधल्या सात कळ्या मात्र न चमकता आपल्या जागी शांत होत्या. त्यामुळेच त्या खऱ्या वाटत होत्या. एका बाईंनी तर वाकून वास घेतला.

विहीणबाई कौतुकानं आईला म्हणाल्या, "गुच्छ फार सुरेख आहे हो. कुणी केला?"

मी शेजारीच उभी होते. आई क्षणभर थांबली. तेवढ्यात तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते मला आज कळतं. समोर नवी माणसं होती, त्यांचे रीतिरिवाज अजून ठाऊक नव्हते, आणि पोरीला त्या घरात उभं आयुष्य काढायचं होतं. आई म्हणाली, "आमच्या धाकटीनं केलाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करायला हवं होतं? "नऊ फुलं माझी, बाकीची आत्याची," एवढं वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. पण मी हसले. विहीणबाईंनी माझ्या हातात एकशे एक रुपयांचं पाकीट ठेवलं, मी वाकून नमस्कार केला आणि त्या म्हणाल्या, "गुणी आहे हो मुलगी." कार्यालयाच्या त्या टोकाला कोठीघराचं दार होतं. दारात आत्या उभी होती, हातात लाडवांची परात. तिला ऐकू गेलं असेल की नाही, मला माहीत नाही. ती आत गेली.

पाकीट मी त्याच रात्री तिच्यापुढं ठेवलं. "आत्या, हे तुझं आहे."

तिनं ते उघडलं, नोट आणि नाणं बाहेर काढलं, रुपया स्वतःच्या हातात ठेवला आणि शंभराची नोट मला परत दिली. "नऊ तू केलीस ना? ठेव." मी रडू लागले तेव्हा जरा रागावूनच म्हणाली, "रडायला काय झालं? वहिनी खोटं बोलल्या त्या मला झाकायला नाही, ताईला जपायला बोलल्या. तेवढं कळायला हवं तुला." पण मला त्यातलं दुसरंही कळत होतं, की ताईला ज्याच्यापासून जपायचं होतं ते म्हणजे आत्याचा हात. आणि त्या हाताची फुलं तर ताईच्या हातात होती! ती नको होती असं नाही. फक्त त्यांना हात नको होता.

ताई परतून माहेरी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, अष्टपुत्रीचंही. ती बराच वेळ गप्प बसली. गुच्छ बडोद्याच्या घरी बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाई तो दाखवतात, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "एवढ्यात तिकडे कुणाला कळू देऊ नकोस." मला तिचा राग आला. पण राग यावा असा मला काय अधिकार होता? एक वाक्य बोलायचं होतं, ते मलाही साधलं नव्हतं. त्या दुपारी ताई आत्याच्या खोलीत जाऊन बसली. दार लोटलेलं होतं. आत काय बोलणं झालं ते दोघींनीही मला सांगितलेलं नाही. बाहेर आली तेव्हा ताईच्या हातात अर्धवट झालेला एक गुलाब होता आणि तो वेडावाकडा होता.

याला आता काही वर्षं लोटली. मी कॉलेजात आले. आत्याच्या खोलीत अजून गल्लीतल्या मुलींची रुखवतं तयार होतात. हेरवाडचं नाव आता कुणी काढत नाही, पण मागच्या वर्षी शेजारच्या घरची मुलगी लग्न ठरल्यावर आत्याकडे आली आणि म्हणाली, "फुलं कराच, पण हळदीलाही या." आत्या गेली नाही. "सवय नाही गं," म्हणाली. मात्र त्या दिवशी तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि संध्याकाळपर्यंत ती बदलली नाही.

यंदाच्या वार्षिकांकासाठी काय लिहावं असा विचार करताना मला हेच सुचलं. गुच्छ कुणी केला, या प्रश्नाचं उत्तर मी चुकवलं होतं. ते कुठंतरी नीट लिहून ठेवावं असं वाटलं. लिहून झाल्यावर छापायला देण्यापूर्वी मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "छाप. अंक मलाही पाठव. सासूबाईंना मीच वाचून दाखवीन. कधी, ते मात्र विचारू नकोस."

मग कागद आईपुढं ठेवले. मला धाकधूक होती. आईनं चष्मा लावला आणि स्वयंपाकघरातच पाटावर बसून सगळं वाचलं. वाचून झाल्यावर कागदांची घडी करता करता म्हणाली, "ती अष्टपुत्री वन्संना मीच नेसवली होती. हळदीचे डाग कुठं पडले होते तेसुद्धा मला आठवतात. कळ्यांचं कापड मी ओळखलं नसेल असं वाटलं तुला?"

मी चमकून म्हटलं, "मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर कळ्या काढाव्या लागल्या असत्या," आई म्हणाली. थोड्या वेळानं तिनं कागद माझ्याकडे दिले. "वन्संना आधी वाचून दाखव."

संध्याकाळी मी आत्याच्या खोलीत बसून हा लेख मोठ्यानं वाचला. आईही येऊन दाराशी बसली. आत्याचं शिवणाचं यंत्र बंद होतं, पण तिचा हात त्याच्या चाकावर होता. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "तुझे चार गुलाब उसवले असं लिहिलंयस. पाच उसवले होते."

तेवढी दुरुस्ती इथंच नोंदवते. त्या गुच्छातल्या एकतीस फुलांपैकी चार माझी. उरलेली सत्तावीस माझ्या आत्यानं केली.